बारीक दातांचं मशीन

घोडीचे केस कापायचं मशीन कसं निवडावं, हे मला आजही कुणी विचारलं तर मी धडाधड सांगेन. आधी दात पाहायचे. मोठे, विरळ दात असले तर अंगावर ज्वारीच्या दाण्याएवढे केस मागं राहतात आणि जनावराला थंडी बाधत नाही. बारीक, दाट दात असले तर कातडीपर्यंत सगळं साफ होतं. मग दोन्ही मुठी धरून मशीन कानाशी न्यायचं आणि नुसतंच चालवायचं. आवाज एकसारखा यायला हवा. मध्येच अडखळला तर ते मशीन केस कापण्याऐवजी ओढणार. आणि पातं किती लवकर तापतं तेही हात लावून पाहायचं, कारण तापलेलं पातं घोडीलाच सोसावं लागतं. नवरा निवडताना मला कुणी काही विचारलं नव्हतं, मशीन मात्र माझ्या पसंतीनं घेतलं गेलं. त्याची ही हकिकत आहे, आणि तिच्यात मी काही चांगली दिसत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझं माहेर रावेरकडचं, केळीच्या बागांतलं. लग्न होऊन मी धुळ्याला आले तेव्हा देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. सासरी वरातीला घोडी द्यायचा धंदा होता. नवरा आग्रा रोडवर टांगा चालवायचा, आणि दारात एक पांढरी घोडी होती, ती फक्त नवरदेवांसाठी. तिच्या पाठीवर मखमली झूल चढवली, कपाळाला आरशाची पट्टी बांधली की गल्लीतली पोरं खेळ सोडून बघत राहायची. सासऱ्यांना सगळे आबा म्हणत आणि सासूला अक्का. मीही तेच म्हणू लागले. आबा मवाळ माणूस. घरात चालायचं ते अक्काचं.

अक्काची ख्याती होती ती तिच्या नजरेची. ती घोड्यांचे भोवरे पाहायची. अंगावर जिथं केस गोल फिरतात तो भोवरा. गळ्याखाली असला तर त्याला देवमण म्हणायचं, ते घोडं घरात सुख आणतं. तंगाखाली, म्हणजे खोगिराचा पट्टा पोटाला आवळतात तिथं असला, तर घोडं स्वाराला पाडतं. आणि डोळ्याखाली, आसवं ओघळतात बरोबर त्या जागी असला, तर ते घोडं आंसूढाळ. ते दारात बांधलं की धन्याच्या घरात रडारड होणारच, असं सगळे मानत. सारंगखेड्याच्या बाजारात भले भले दलाल सौदा पक्का करण्याआधी घोडं अक्कासमोर फिरवून आणायचे. बाईमाणूस असून ती बाजारात पाय रोवून उभी राहायची आणि घोड्याच्या तोंडापासून शेपटीपर्यंत हात फिरवायची. तिच्या हाताखालून भोवरा निसटला असं कधी झालं नाही, असं लोक सांगत. पांढरी घोडीही तिनंच त्या बाजारातून निवडून आणलेली.

घोड्यांसारखीच ती सुनाही पाहायची. मला पाहायला आली तेव्हा तिनं माझे तळवे पाहिले, दात पाहिले, चालवून पाहिलं. डोकं पाहायची वेळ आली तेव्हा माझ्या आईनं मोठ्या हुशारीनं पुढं होऊन पानाचं तबक धरलं. कारण माझ्या टाळूवर दोन भोवरे आहेत. डोक्यात दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं, आणि बाईला दोन लग्नं म्हणजे पहिला नवरा मरणार, असा सरळ हिशेब. आईनं त्या दिवशी माझे केस आवळ्याच्या तेलानं चप्प बसवून वर गच्च अंबाडा घातला होता, त्यावर फुलं. बाजारात घोडेवाले डिंक लावून भोवरा पुसतात, तसंच ते. पाठवणीच्या वेळी आईनं कानात सांगितलं, "वरीसभर कोनाच्या हातात डोकं देजो नको."

मी वर्षभर कुणाच्या हातात डोकं दिलं नाही. पदर डोक्यावरून ढळू दिला नाही, नहाणं एकटीनं, वेणी एकटीनं. अशा घरात बोलायचं कुणाशी? नवरा दिवसभर टांग्यावर. मग मी घोडीशी बोलायचे. रोज सकाळी ओल्या फडक्यानं तिचे डोळे पुसायचं काम माझ्याकडं होतं, माश्या बसू नयेत म्हणून. मी फडकं घेऊन गेले की ती मान खाली करायची आणि हनुवटी माझ्या खांद्यावर टेकवायची. तिचं तोंड गरम आणि जड असायचं. मी तिला माहेरचं सगळं सांगायचे, बहिणींची नावं सांगायचे, अक्काला शिव्या द्यायचे. दोन भोवऱ्यांचंही त्या घरात फक्त तिला सांगितलं होतं.

एके सकाळी पुसता पुसता माझं बोट तिच्या डाव्या डोळ्याखाली थांबलं. तिथले केस गोल फिरत होते. पांढऱ्यावर पांढरं, त्यातून थंडीसाठी वाढलेली लव, त्यामुळं नजरेला काही दिसत नव्हतं. पण बोटाला चुकत नव्हतं. मी दोनदा, तीनदा बोट फिरवून पाहिलं. आंसूढाळ होती. अक्काची नजर चुकली होती, असं तेव्हा मला वाटलं, आणि खरं सांगते, मला आनंद झाला. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असा तो आनंद होता. मी घोडीच्या कानात म्हटलं की आपण दोघी सारख्याच गं. आणि कुणाला काही सांगितलं नाही.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी नवऱ्याला ताप भरला. डॉक्टर म्हणाले, मुदतीचा ताप आहे, एकवीस दिवस घेईल, धीर धरा. मी धीर धरला. पाणी उकळून देत होते, कपाळावर घड्या ठेवत होते, त्याचे कपडे धूत होते. दहाव्या दिवशी तो भलतंसलतं बरळायला लागला, तेव्हा शेजारपाजारच्या बायका येऊन बसू लागल्या. आलेल्या बायका काय बोलतात ते ठाऊकच असतं. एकीनं विचारलं, या वर्षात घरात नवीन काय आलं? दुसरी माझ्याकडं बघून म्हणाली, सून आली. पांढऱ्या पायाची हा शब्द कुणी उच्चारला नाही, पण तो ओट्यावर येऊन बसला होता.

संध्याकाळी अक्कानं तेलाची वाटी घेतली आणि मला म्हणाली, "आठे ये, पोर. डोकाले तेल लाई देस."

चोराच्या मनात चांदणं. तिला संशय आला, आता ती टाळू चाचपून बघणार, दुसरं काय? मी म्हटलं, आज उपास आहे, तेल चालत नाही. दोन दिवसांनी तिनं पुन्हा वाटी घेतली. मी म्हटलं, बाहेरची झालेय. ती माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "ठीक शे. शनवारले लाऊ."

शनिवारला पाच दिवस होते. त्या पाच दिवसांत मी काय काय पाहिलं ते मलाच माहीत. मला परत पाठवलेलं पाहिलं. बाप दारात उभा आहे आणि आत घेत नाही, असं पाहिलं. माझ्या पाठच्या दोन बहिणी होत्या. नवरा खाणाऱ्या बाईच्या बहिणींना कोण करून घेतो? आणि नवरा खरंच गेला तर मग काही विचारायलाच नको. त्याच्या जिवाची काळजी मला होतीच, पण मी खोटं बोलणार नाही, स्वतःची जास्त होती.

त्याच आठवड्यात घोडीचे केस कापायचे होते. तुळशीचं लग्न झालं की वराती सुरू होतात, आणि थंडीची लव वाढलेली घोडी झुलीखाली गबाळी दिसते. घाम त्या केसांत मुरून खरूजही होते. दरसाल हे काम पेठेतले एक म्हातारे मुसलमान करत. सगळ्या गावाचे ते चाचा. धुळ्यातले बहुतेक टांगेवाले त्यांच्याकडूनच घोडे कापून घेत. पण आमच्या जुन्या मशीनचे दोन दात मोडले होते, म्हणून आबांनी आग्रा रोडवरच्या दुकानातून तीन मशिनं आणली. दुकानदार म्हणाला होता, तिन्ही घोडीवर चालवून बघा, एक ठेवा, दोन परत आणा.

चाचांनी तिन्ही अंगणात पोत्यावर मांडली. एक मोठ्या दातांचं, एक मधलं, आणि एक बारीक दातांचं, न्हाव्याच्या मशीनचा थोरला भाऊ शोभेल असं. त्यांनी एकेक कानाशी नेऊन ऐकलं. मग बाही वर केली आणि स्वतःच्या हातावरून तिन्ही फिरवली. पहिल्यानं पांढरे केस नुसते आखूड झाले. दुसऱ्यानं खुंट राहिले. तिसरं फिरलं तिथं तुळतुळीत पट्टा उमटला, आणि त्या पट्ट्यात एक जुना व्रण होता तो लख्ख दिसायला लागला. मी दारात उभी राहून तो व्रण बघत होते. माझ्या डोक्यात जे आलं ते तिथंच आलं.

चाचा म्हणाले, "बडे दांतवाला रखो, आबा. अंगाला तेच बरं. तोंडाला तर मी मशीन लावतच नाही, कैंचीने करता हूँ."

खरंच, मी नवी आले होते त्या हिवाळ्यातही त्यांनी तोंडाला कात्रीच लावली होती आणि डोळ्यांभोवतीचे केस तसेच ठेवले होते. मला ते तोवर खटकलं नव्हतं. त्या क्षणी लख्ख कळलं. त्यांना डोळ्याखालचा भोवरा ठाऊक होता आणि दरसाल ते तो केसांखाली ठेवत आले होते. कात्रीनं वाचवलेल्या त्या चार केसांवर घोडी जगत होती.

मी पुढं झाले. सासऱ्यासमोर सून एवढं बोलत नसे, पण मी सातवी पास होते आणि घरातलं वाचायचं सगळं माझ्याकडं यायचं. बारीक मशीनच्या खोक्यात एक घडीचा कागद होता, इंग्रजी. त्यावर घोड्याच्या तोंडाचं चित्र होतं. मी कागद उलगडला, ओठ हलवले आणि म्हटलं, "आबा, यात लिहिलंय, तोंडाला आणि कानांना बारीक दातांचंच मशीन लावायचं. अंगालाही तेच चालतं. लग्नाची घोडी आहे. रेशमासारखी दिसेल."

मला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. कागदावर खरोखर तसंच लिहिलेलं असेलही, कोण जाणे.

आबा खूश झाले. सून शिकलेली असल्याचा त्यांना अभिमान होता. चाचा मात्र माझ्याकडं वळले आणि हळू आवाजात म्हणाले, "बेटी, बारीक मशीन सब दिखाती है."

मी म्हटलं, "दिसू द्या की."

मी नजर खाली घेतली नाही. दोन मशिनं परत गेली.

शुक्रवारी सकाळी कापायचं ठरलं. तो दिवस मीच सुचवला, कारण त्या दिवशी एका वरपक्षाची मंडळी घोडी बघायला येणार होती. आबांना म्हटलं, पाहुण्यांसमोर काम चालू असलं की त्यांना घोडीची निगा कळेल. एकटीनं भोवरा दाखवला असता तर अक्कानं विचारलं असतं, तुला कसा गं दिसला, आणि मला नाही दिसला? म्हणून मला माणसं हवी होती.

अंगावर काम सुरू झालं तेव्हा घोडी शहाण्यासारखी उभी होती. कापलेले केस तिच्या पायाशी पडत होते. आत नवरा कण्हत होता, बाहेर मशीन चरचरत होतं. पण दाट दातांत लव अडकायची, पातं तापायचं. चाचा थांबून ते रॉकेलमध्ये बुडवायचे, पुसायचे, तेल सोडायचे, पुन्हा सुरू करायचे. तरी पोटाखाली दोन-तीन ठिकाणी कातडी चिमटली गेली. घोडी थरथरायला लागली. तोंडाशी आले तेव्हा ती मान झटकू लागली, तशी तिच्या वरच्या ओठाला दोरीचा फास घालून काठीनं पीळ दिला. असा पीळ दिला की जनावर दुखण्यानं जागच्या जागी गोठतं. काठी धरायला माणूस हवा होता. आबा पाहुण्यांजवळ बसले होते. चाचा म्हणाले, "तूच धर."

मी धरली. तिचा डोळा माझ्यापासून वीतभर होता आणि ती माझ्याकडंच बघत होती, कारण रोज सकाळी त्या डोळ्यासमोर मीच असायची. चाचांनी मशीन गालावरून वर नेलं. डोळ्याखाली आल्यावर ते एकदा थांबले. मी काठीला आणखी एक पीळ दिला. कशासाठी दिला ते आजही मला नीट सांगता येणार नाही. घाई झाली होती, एवढंच. त्यांनी तो पट्टा कापला.

गुलाबी कातडीवर आखूड केसांचं ते चक्र आता कुणालाही दिसलं असतं. पाहुण्यांतला एक म्हातारा उठून जवळ आला, डोळे बारीक करून वाकला आणि मागं सरला. "अक्का," तो म्हणाला, "घोडी तं आंसूढाळ शे तुनी."

मंडळी उठली. चहा कपात तसाच राहिला. गल्लीत बातमी जायला पाणी उकळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. बायका दारात गोळा झाल्या, आणि आता त्यांची बोटं माझ्याकडं नव्हती. पोरगा तापानं का फणफणतोय ते सगळ्यांना कळलं. अरेरे, दारातच होतं की! मी काठी सोडून भिंतीशी जाऊन उभी राहिले. छातीवरचा धोंडा उतरला होता. तेव्हा मला पश्चात्ताप वगैरे झाला असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला सुटल्यासारखं वाटलं.

अक्का ओट्यावरून उतरली. तिनं भोवऱ्याकडं पाहिलंच नाही. आधी चाचांकडं पाहिलं, मग खोक्यातल्या मशीनकडं, मग माझ्याकडं. मला वाटलं होतं की ती घोडी विकून टाकेल, लांब कुठंतरी, आणि गोष्ट संपेल. पण आंसूढाळ घोडी सगळ्या गावाला दिसल्यावर घेणार कोण? अक्का चुलीकडं बघत म्हणाली, "इळा तपाडा."

जनावराला डाग देणं आमच्याकडं नवं नव्हतं. सूज आली, लंगडलं, दे डाग. पण डोळ्याखाली बोटभर अंतरावर कुणी देत नाही. चाचा म्हणाले, आँख जाएगी. त्यांनी हात लावायला साफ नकार दिला. आबा आत निघून गेले. मग गल्लीतल्या चौघांनी घोडीला आडवी पाडून पाय बांधले आणि अक्कानं स्वतः विळ्याचं लाल टोक त्या भोवऱ्यावर टेकवलं. घोडी जशी ओरडली तसा आवाज घोड्याच्या तोंडून येतो हे मला माहीत नव्हतं. आतून नवऱ्यानं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, झोपा.

चाचांनी मशीन पुसलं, तेल सोडलं, खोक्यात ठेवलं आणि खोकं माझ्या हातात दिलं. "मशीन अच्छी चुनी, बेटी," ते म्हणाले. पुन्हा ते आमच्या दारात आले नाहीत.

ताप एकविसाव्या दिवशी उतरला, डॉक्टरांनी सांगितला होता त्याच दिवशी. गावानं मात्र तो अक्काच्या विळ्यानं उतरवला. शनिवारी तेलाची वाटी निघाली नाही, पुढच्या शनिवारीही नाही. घोडीच्या डोळ्यात आठ दिवसांत फूल पडलं आणि तो पांढराफटक झाला. गालावर चट्टा, एक डोळा गेलेला, अशा घोडीवर कोणता नवरदेव बसणार? आधी तिला टांग्याला जुंपून पाहिलं, पण आंधळ्या बाजूनं काही आलं की ती बुजायची. शेवटी पांझरेच्या काठच्या वीटभट्टीवर गेली. दीडेक वर्षानं मी पोटुशी असताना माहेरी निघाले होते, तेव्हा टांग्यातून दिसली. पाठीवर विटांचं ओझं, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, आणि अंगावर लव पुन्हा वाढलेली, गबाळी. आंधळी बाजू माझ्याकडं होती. मी टांगा थांबवायला सांगितला नाही.

घोडीला डाग दिला त्याला पाच वर्षं झाली, तेव्हा अक्काला लकवा झाला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. जीभ जड झाली तरी बोललेलं कळायचं. महिन्याभरात पडून पडून तिच्या केसांच्या जटा झाल्या, उवा झाल्या. कापल्याशिवाय गत नव्हती. न्हाव्याच्या हातानं बाईचे केस कसे काढायचे? मी कोनाड्यातलं खोकं काढलं. बारीक दातांचं मशीन तसंच होतं, दरसाल मी त्याला तेल सोडत होते. घरात दुसरं मशीनही नव्हतं.

दुपारची वेळ होती. आबा बाहेर ओट्यावर खोकत बसले होते. मी अक्काला भिंतीला टेकवून बसवलं आणि कपाळापासून सुरुवात केली. पांढऱ्या जटा तिच्या मांडीवर पडत होत्या. टाळूवर आले आणि माझा हात थांबला. तिथं दोन भोवरे होते. एकाला लागून एक, माझे आहेत तसेच.

मशीन थांबलेलं तिला कळलं. ती मान न वळवता म्हणाली, "मोजी लिधं का? दोन शेतस. तुना बी दोन शेतस."



"तुले देखाले उनथू तवयच देखं मी," ती म्हणाली. "तुनी माय पान धरीसन उभी राहिनी. माले काय डोया नईत का?"

"मग तेलाची वाटी?" मी विचारलं. "तेल लावायला का बोलावत होतात?"

"दहा दिन तू जागी व्हती. डोकं तपनं आसी तुनं, म्हनीसन." ती दमली, थांबली, पुन्हा बोलली. "घोडीनं बी माले माहीत व्हतं. बजारमाच देखं. आवडनी, लई उनू. झाकेल व्हतं तोपावत कोनले काय व्हतं? चारजनमा दखायनं, मंग करनंच पडस. तू दखाडं." म्हणजे बाजारात भोवरा पाहूनही, आवडली म्हणून तिनं घोडी आणली होती, आणि तो चारचौघांत उघडा केला होता मी.

बाहेर आबा खोकत होते. चाळीस वर्षं दोन भोवऱ्यांच्या बायकोशी संसार करून खडखडीत जिवंत. माझा नवरा टांग्यावर होता, तोही जिवंत. आणि मी एक पीळ जास्तीचा दिला होता, ज्याची कुणालाच गरज नव्हती. मला रडू आलं का? आलं. पण त्याच्याही आधी राग आला, असा की दाताखाली दात दाबले गेले. हिनं तेव्हाच एक शब्द टाकला असता तर! कानात सांगितलं असतं, पोरी, घाबरू नको, मलाही आहेत, तर! पण मीही घोडीशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. मी मशीन पुन्हा सुरू केलं आणि टाळूवरचं जे राहिलं होतं ते कातडीपर्यंत साफ केलं. दोन्ही चक्रं लख्ख दिसायला लागली. पातं तापलं होतं. अक्का एकदा शहारली.

तेवढ्यात ओट्यावर बायकांचे आवाज आले. गल्लीतल्या चौघीजणी तिला भेटायला आल्या होत्या, पाच वर्षांपूर्वी दारात जमल्या होत्या त्यांतल्याच दोघी त्यांच्यात होत्या. अक्काचा उजवा हात निकामी होता आणि डावा मी बसवताना तिच्या अंगाखाली अडकला होता. तिनं तो ओढून बघितला. मग माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "पदर घे मन्हा डोकावर."

मी मशीन रॉकेलच्या वाटीत बुडवलं. बाहेर काढून पुसलं. दातांत अडकलेले केस एकेक करून काढले, चाचा काढायचे तसे. दोन थेंब तेल सोडलं, कानाशी नेऊन आवाज ऐकला, आणि खोक्यात ठेवलं. मग उठून तिच्या डोक्यावर पदर ओढला. तोवर बायका आत येऊन बसल्या होत्या.